कान्हेरीच्या वाटेवरचा म्हातारा

आमच्या कचेरीतील टेबलावर काच आहे. काचेखाली वर्षाच्या सुट्ट्यांचे पत्रक, पतपेढीच्या हप्त्यांचा तक्ता आणि लोकलचे वेळापत्रक असते. फेब्रुवारी २०२५ पासून त्यात पोस्टकार्डाएवढा एक फोटो आला आहे. फोटोत एक चितळ नर आहे. पाठ खोलगट, कुशी आत गेलेल्या, उजवा कान फाटलेला, शिंगे बारीक आणि त्यातही एक दुसऱ्यापेक्षा आखूड. तोंडात काहीतरी लाल धरून तो चावतो आहे. कामाला येणारा प्रत्येक माणूस सही करता करता तो फोटो पाहतो. एका सहकाऱ्याने तर तोंडावरच सांगितले, "भाऊ, पतपेढीचे कर्ज काढून कॅमेरा घेतलात आणि काढलेत काय, तर हा मरतुकडा! ताडोब्याचा वाघ तरी काढायचा होता."

वाघाचा फोटो काढायला पुष्कळ माणसे आहेत. तिथे आमच्यावाचून काही अडलेले नाही. ह्या मरतुकड्यासाठी मात्र आम्ही एका थंडीतले पाच रविवार घालविले. पहिला रविवार आमची आम्हांला लाज वाटावी असा गेला. आज त्याच रविवारापासून सांगावयाचे आहे, म्हणजे वाचक आम्हांला मोठे छायाचित्रकार समजणार नाहीत.

कॅमेरा घेतला तो हरणांसाठी नव्हे. मंडळाच्या कार्यक्रमांना दर वेळी बाहेरचा फोटोवाला बोलवावा लागे आणि वर्गणीचा मोठा भाग त्यातच जाई. म्हणून फोर्टातल्या बोराबाजारात जाऊन जुना, पण लांब झूमचा कॅमेरा अकरा हजारांत घेतला. जयंतीची मिरवणूक, वर्षावासाचे प्रवचन, वह्यावाटप असे वर्षभर काढून झाले. डिसेंबर २०२४ मध्ये एका रविवारी चिरंजीवांना घेऊन कान्हेरीला गेलो, तेव्हा कॅमेरा सवयीने गळ्यात होता, एवढेच.

कान्हेरीला आपले लोक पुष्कळ जातात. चैत्यगृहात बसतात, दगडात कोरलेल्या पाण्याच्या पोढ्या पाहतात, डबा खातात आणि बसने खाली येतात. पण बोरिवलीच्या दरवाजापासून लेण्यांपर्यंत जो सहा-सात किलोमीटरचा रस्ता आहे, तो सगळा जंगलातून जातो, हे खिडकीत बसूनही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे मुंबई आणि ठाणे ह्यांच्या मधोमध राहिलेले शंभर चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक रान. तुळशी आणि विहार हे दोन तलाव त्यातच. २०१५ साली तेथे कॅमेरे लावून बिबटे मोजले, तेव्हा ३५ भरले. बिबटे आहेत म्हणजे त्यांचे भक्ष्यही आहे. चितळ आहे, सांबर आहे. आणि ही काही पिंजऱ्यातली जनावरे नव्हेत, मोकळ्या रानात आपले पोट आपण भरणारी आहेत.

त्या दिवशी आम्ही बसने न जाता पायी निघालो होतो. अर्ध्या वाटेवर एका मोरीपाशी उतारावर दहा-बारा चितळांचा कळप चरत होता. त्यांच्यापासून थोडा दूर, एकटाच, हा नर. आम्ही आणि चिरंजीव मोरीच्या कठड्याआड उभे राहिलो. कॅमेऱ्यातून पाहिले, तर त्याच्या शिंगांवर अजून मखमल होती. फोटो घ्यावा म्हटले, तर मान खालीच. दोन मिनिटे झाली, पाच झाली, मान वर येईना. चिरंजीवांना म्हटले, "जरा शीळ घाल रे." त्याने घातली. हरणाचा कान हलला, तोंड गवतातच. मग आम्ही, वय वर्षे पंचेचाळीस, बी.कॉम., दहा जणांना शिस्त शिकवणारे गृहस्थ, कॅमेरा एका हाताने सांभाळून कठड्यावर जोरात थापा मारल्या आणि मोठ्याने हाळी दिली.

कळप क्षणात उधळला. शेपट्यांचे पांढरे झेंडे वर करून सगळी खाली ओढ्याकडे गेली. म्हातारा शेवटी होता. उतारावरच्या सुट्या दगडावर त्याचा मागचा पाय सरकला, पुढचे दोन्ही गुडघे जमिनीला टेकले, छाती घासली. उठला आणि पुन्हा धावला. पन्नास-साठ पावलांवर थांबला तेव्हा त्याचे तोंड उघडे होते आणि कुशी भात्यासारख्या हलत होत्या. आमच्या कॅमेऱ्यात आले काय, तर त्याचा पार्श्वभाग आणि हललेली झाडे.

मागून मोटारसायकलवर वनरक्षक आला होता. तरुण पोरगा. म्हणाला, "काका, नाटकाला आलात काय?" आम्ही काही बोललो नाही. त्याने मग सरळ कायदा सांगितला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अशा ठिकाणी जनावराला डिवचण्यास आणि कचरा टाकण्यास, दोन्हीला एकाच कलमात मनाई आहे. "तुम्ही शिकलेली माणसं," एवढे म्हणून तो थांबला. दंड केला असता तरी चालले असते. चिरंजीव शेजारी उभे होते, त्यांच्या देखत हे झाले.

घरी आल्यावर कॅमेरा टेबलावर ठेवला आणि विषय काढला नाही. पण चिरंजीवांनी जेवताना सगळे सांगितले. आमचे वडील, घरात सगळे त्यांना दादा म्हणतात, वय अठ्ठ्याहत्तर. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, पुढे वीस वर्षे रात्रपाळीची वॉचमनकी केली. दात सगळे गेलेले आहेत. कवळी करून आणली ती डब्यात आहे. भाकरी आमटीत कुस्करून खातात. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "दाखव बघू."

पळण्याच्या आधीचे दोन-तीन फोटो निघाले होते, मान खाली असलेले. आम्ही ते पुसणारच होतो. दादांनी चष्मा लावून पडद्यावर चित्र मोठे करून घेतले आणि बोट ठेवले. "हे काय पडलंय बघ तोंडाखाली?" गवताचा एक ओला बोळा होता. "ह्याच्या दाढा गेल्या," दादा म्हणाले. "चावलं जात नाही, म्हणून अर्धा घास बाहेर पडतो."

दादांनी लहानपणी सातारा जिल्ह्यात पाटलाची गुरे राखली. बैलाचे वय दातांवरून सांगतात हे ज्यांनी गाव पाहिले आहे त्यांना माहीत आहे. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला. जुळल्यावर दात झिजू लागतात आणि बाजारात दलाल बैलाचे तोंड उघडून पाहतो. हरणाचेही तसेच. गाय-बैलाप्रमाणे त्याला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, नुसती टणक हिरडी असते. खालच्या दातांनी गवत धरायचे, तोडायचे आणि गिळायचे. मग निवांत जागी बसून तेच तोंडात आणून दाढांनी दळायचे. रवंथ. त्याचे पोट चार कप्प्यांचे, आणि गवत पुरते बारीक झाल्याशिवाय पहिल्या कप्प्यांतून पुढे सरकत नाही. दाढा म्हणजे जाते. जात्याची पाळी गुळगुळीत झाली, की पीठ भरड निघते. टाकी लावून घेता येते ती दगडी जात्याला, हरणाला ती सोय नाही. मग होते असे, की पोट गवताने भरलेले आणि अंगाला काही लागत नाही. रानातल्या पुष्कळ म्हाताऱ्या हरणांचे मरण असे भरल्या पोटी सुरू होते. बिबट्या किंवा थंडीतला एखादा आजार नंतर येतो आणि नाव त्याचे होते.

आम्ही हिशेबाचे माणूस. दादांचे ऐकून झाल्यावर रात्री पडल्या पडल्या डोक्यात खातेवहीच उघडली. तरुण हरीण पळाले तर तासाभराच्या चरण्यात ते भरून काढते. ह्या म्हाताऱ्याच्या जमेच्या बाजूला दिवसभर कष्टाने चावलेले थोडेसे. खर्चाच्या बाजूला थंडी, गोचिडी, दरवर्षी नव्याने उगवायची शिंगे. त्यात आमची एक आरोळी. शिल्लक काय राहिली असेल? त्याने खाल्लेले आम्ही काढून घेतले, असेच ते झाले. फोटोसाठी.

सौ. म्हणाल्या, "आता कॅमेरा मिरवणुकीपुरता ठेवा." आमच्याही मनात तेच होते. पण दादा म्हणाले, "पुन्हा जा. लांब बसून बघ. पळवू नको म्हणजे झालं."

जाण्यापूर्वी थोडे वाचले. वाचनालयात मारुती चितमपल्ली ह्यांची पुस्तके मिळाली. वनखात्यात जन्म घालवून, रानातल्या माणसांकडून शब्द गोळा करून त्यांनी ते मराठीत आणले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. आपण सरसकट हरीण म्हणतो, पण त्यात दोन वेगळी कुळे आहेत. काळवीट, चिंकारा, चौसिंगा हे कुरंग. त्यांच्या शिंगांत हाडाचा गाभा, वर नखासारखे आवरण, आणि ती जन्मभर राहतात. चितळ, सांबर, भेकर हे सारंग. ह्यांची शिंगे म्हणजे निव्वळ हाड, फक्त नराला येतात, वर्षातून एकदा गळतात आणि पुन्हा उगवतात. उगवताना वर केसाळ कातडी असते, तीच मखमल. आत रक्त खेळत असते. वाढ पुरी झाली की कातडी सुकते आणि नर झुडपांवर शिंगे घासून ती काढून टाकतो. चितळात सगळे नर एकाच महिन्यात शिंगे टाकीत नाहीत. एकाच कळपात एकाची टणक, दुसऱ्याची मखमलीत, तिसरा बोडका, असे दिसते.

शिंगाच्या फाट्यांवरून वय मोजतात असे आमच्या लहानपणी आम्हांला सांगितले होते. ते खरे नाही. चितळाच्या प्रत्येक शिंगाला साधारणपणे तीनच फाटे. तरण्या नरालाही तीन, म्हाताऱ्यालाही तीन. भर वयात शिंगे लांब आणि जाड होत जातात, उतारवयात मात्र उलटा प्रवास सुरू होतो. दरवर्षी आधीच्यापेक्षा बारीक, आखूड, कधी वाकडी. कवटीवरचा जो खुंट शिंगे धरतो, तो दर खेपेला थोडा आखूड आणि रुंद होतो. खरे वय दाढांची झीज पाहूनच कळते, आणि ती पाहायला जनावर मेलेले किंवा बेशुद्ध लागते. म्हणजे जिवंत हरणाच्या फोटोवरून वय सांगणे हा अंदाज. आमचा म्हातारा किती वर्षांचा, ते आम्ही सांगू शकत नाही. रानात दहा-बारा वर्षे चितळाला पुष्कळ झाली.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली. आपण पाहतो त्या चित्रांत म्हातारे हरीण नसतेच. कॅलेंडरवर नाही, पंचतंत्राच्या पुस्तकात नाही. आपल्या वस्तीतल्या विहाराच्या कमानीवर धम्मचक्राच्या दोन बाजूंना दोन हरणे बसलेली आहेत, सारनाथच्या मृगदावाची आठवण म्हणून. तीही भरल्या अंगाची, मान डौलदार. कारागिराला दोष नाही. त्याला सांगितले तसे त्याने केले. रानातही म्हातारे हरीण कमीच दिसते, कारण म्हातारे होईपर्यंत राहतातच थोडी. एखादे राहिले तर त्याने किती उन्हाळे, किती बिबटे आणि किती आमच्यासारखे लोक मागे टाकले असतील, हे मोजायला कोणी नसते.

पुढचे तीन रविवार रिकामे गेले. पहाटेची लोकल, दादरला गाडी बदलणे, बोरिवलीच्या दरवाजावर साडेसातला उभे राहणे, आणि चालत मोरीपर्यंत. रस्ता सोडून आत शिरण्यास बंदी आहे आणि ती योग्यच आहे, म्हणून सगळे कठड्यावर बसूनच. पहिल्यांदा कळप दिसला, पण आम्ही बसताच एका मादीने मान ताठ केली, पाय आपटला, एक तीक्ष्ण आवाज काढला आणि सगळी गेली. आम्ही तर हललोही नव्हतो. मग कळले, की वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहत होता आणि आम्ही सकाळी डोक्याला भरपूर सुगंधी तेल चोपडले होते.

दादांनी सांगितले, मूठभर धूळ सोडून बघायची, कुठे जाते ती. मुंबईच्या बाजूला हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारनंतर उलटतो. डोंगरात त्याला वळणे पडतात, तरी दोन-तीन सकाळी तेथे बसले की अंदाज येतो. आम्ही रस्त्याची दुसरी बाजू धरली. तेल बंद.

कपड्यांची गंमत वेगळीच. आमच्याकडे रविवारचा म्हणून एक शर्ट आहे, निळा. मंडळाच्या कामाला, मोर्चाला, लग्नाला तोच. वाचनात आले, की हरणाच्या डोळ्याला लाल आणि नारिंगी रंग आपल्यासारखे वेगळे दिसत नाहीत, निळा मात्र चांगला ठळक दिसतो. हे वाचून आम्ही जरा विचारात पडलो. आयुष्यात प्रथमच निळा शर्ट मुद्दाम घरी ठेवला आणि दादांचा वॉचमनकीतला खाकी सदरा घालून गेलो. दरवाजावरच्या माणसाने आम्हांला खात्यातलाच समजून सलाम केला.

कॅमेऱ्यातही सुधारणा केल्या. बटण दाबले की जो 'टीं' आवाज होतो तो बंद केला. अंधारात फोकससाठी लागणारा लाल दिवा बंद केला. फ्लॅश तर कधीच नाही. लांब झूमवर हात थोडा हलला तरी चित्र पुसट येते आणि तिपाई घ्यायला पैसे नव्हते. सौ. नी जुन्या पडद्याची पिशवी शिवून त्यात दोन किलो तांदूळ भरून दिले. ती कठड्यावर ठेवायची आणि तिच्यावर कॅमेरा रुतवायचा. दोनशे पन्नासाव्या भागाइतक्या सेकंदात शटर पडले तरी चित्र हलत नाही. रविवार संपला की तांदूळ परत डब्यात. दुकानातली तिपाई ह्याहून बरी असेल, पण तिची खिचडी होत नाही.

पाचवा रविवार फेब्रुवारीतला. थंडी कमी झाली होती. २०२४ च्या पावसाळ्याअखेर कारवी फुलून गेली होती, तिच्या वाळल्या काटक्यांनी उतार भुरा झाला होता. पळस उमलायला लागला होता. मोरीपासून थोडे पुढे, रस्त्याच्या खालच्या अंगाला एक काटेसावर आहे. पान एकही नाही आणि झाड लाल फुलांनी भरलेले. वर वानरांची टोळी फुले खात होती. खाणे कमी, सांडणे जास्त. ह्या फुलांच्या पाकळ्या जाड, मऊ, रसरशीत असतात. खाली सडा पडला होता आणि त्यावर चितळे. वानर आणि चितळ ह्यांची ही जुनी सोबत आहे. वरच्याने सांडायचे, खालच्याने वेचायचे, आणि बिबट्या दिसला तर ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचे.

आम्ही पिशवी ठेवली, कॅमेरा टेकवला आणि बसलो. म्हातारा नव्हता. तरण्या नरांनी माद्यांना बाजूला सारून खाल्ले, मग माद्यांनी खाल्ले, मग पाडसांनी. नऊच्या सुमारास कळप हळूहळू ओढ्याकडे उतरला. उठावे की बसावे असा विचार चालू असता झुडपातून तो आला.

प्रथम फाटलेला कान दिसला. मग अंगावरचे ठिपके. चितळाचे ठिपके प्रत्येकाचे निराळे असतात. डिसेंबरातल्या फोटोत उजव्या खांद्यावर तीन ठिपक्यांचा जो वाकडा त्रिकोण होता, तो तसाच होता. मखमल गेली होती. शिंगे टणक झाली होती, पण बोटाएवढी बारीक, आणि डावे दीड वितीने आखूड. तोंडाभोवती काळपट, कपाळावर खड्डे. डिसेंबरात खरचटलेल्या गुडघ्यावर केस आले नव्हते, तेथे कातडीचा काळा चट्टा होता. तो चट्टा आम्ही केलेला.

झाडाखाली उरलेली फुले थोडी होती. त्याने एक उचलले. तरण्या नरांनी दोन-तीन हालचालींत गिळले होते. ह्याने ते तोंडात घेऊन जबडा फक्त एका बाजूला फिरवायला सुरुवात केली. डावीकडे. बहुधा त्याच बाजूला काही उरले असावे. आमच्या दादांची भाकरी अशीच एका बाजूने चालते. पाकळी तोंडातून बाहेर लोंबत होती, हळूहळू आत जात होती. एक फूल संपायला पुष्कळ वेळ लागला, मग दुसरे. त्यातला एकही घास खाली पडला नाही. गवत त्याला जड जात होते, हे मऊ होते. म्हणून तो गर्दी संपेपर्यंत थांबला होता आणि उरलेल्यावर आला होता.

आम्ही बटण दाबले. आवाज नव्हताच. त्याला पत्ता नव्हता आणि नंतर असे वाटले, की पत्ता होता, पण आम्ही तेथे बसलेलो आहोत आणि बसूनच राहणार आहोत हे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. अंतर चाळीस पावले असेल. तीस-बत्तीस फोटो काढले. त्यातले बहुतेक वाया गेले, कारण झाडाच्या फांद्यांची सावली तोंडावर येत होती. उन्हाचा कवडसा डोळ्यावर येईपर्यंत थांबावे लागे. फोटोत बाकी काही पुसट झाले तरी चालते, डोळा स्वच्छ यावा लागतो.

साडेनऊनंतर रस्त्याने सायकलींची एक टोळी आली, भाड्याच्या सायकलींवरची कॉलेजातली मुले. एकाने घंटी वाजविली. म्हाताऱ्याने मान वर केली. शिंगे मागे, कान पुढे, डोळे थेट आमच्याकडे. डिसेंबरात ज्यासाठी आरोळी ठोकली होती ती मान. आम्ही तो फोटोही घेतला, नाही असे नाही. पण बोट दाबताना छातीत धडधडत होते, की आता हा पळणार. पळाला नाही. मुले गेली, त्याने मान खाली घेतली. नंतर दोन पावले सरकून तो सावरीच्या मुळाशी बसला. आधी पुढचे गुडघे, मग मागचा भाग, थांबत थांबत, जसा म्हातारा माणूस बाकावर बसतो. आणि रवंथ करू लागला. आम्ही सव्वादहा वाजेपर्यंत तेथे होतो. तो बसलेलाच होता, आम्ही उठून गेलो.

जाताना तोच वनरक्षक भेटला. त्याने खाकी सदऱ्याकडे पाहिले, मग ओळखले. पडद्यावर फोटो दाखविले. म्हणाला, "काका, हा जुना आहे. लोक चिप्सची पाकिटं टाकतात ना, त्यातलं मीठ चाटायला बाकीचे येतात रस्त्यावर. हा येत नाही." ते ऐकून आम्हांला बरे वाटले आणि वाईटही वाटले, कारण आमच्या मंडळाची सहल गेल्या वर्षी तेथेच जेवली होती आणि पत्रावळी आम्ही उचलल्या, पाकिटे सगळी उचलली होती की नाही, हे खात्रीने सांगता येणार नाही.

दुकानात दोन प्रिंट काढल्या. मान वर केलेला फोटो देखणा आला आहे. तो चिरंजीवांनी शाळेत नेला. फूल चावणारा आम्ही कचेरीत ठेवला. तिसरी प्रत दादांनी मागून घेतली आणि पेन्शनच्या कागदांच्या प्लास्टिकच्या पाकिटात, हयातीच्या दाखल्यासाठी काढलेल्या स्वतःच्या फोटोंबरोबर ठेवली. तेव्हा आमच्या लक्षात आले, की दादांचे आमच्याकडे जे फोटो आहेत ते एक तर लग्नातले, गर्दीत मागे उभे असलेले, नाही तर ह्या दाखल्याचे, पांढऱ्या पडद्यापुढचे. जेवताना, बसलेले, विडी शिलगावताना, असा एकही नाही. अकरा हजारांचा कॅमेरा घरात दीड वर्ष पडून होता.

पावसाळा गेल्यावर, नोव्हेंबर २०२५ मध्ये, दादा म्हणाले, मलाही ने. एवढे चालवणार नाही, म्हणून आतल्या बसने गेलो. येताना चालकाला विनंती केल्यावर त्याने मोरीपाशी उतरविले. कठड्यावर सतरंजी टाकली. दादांनी धूळ सोडून वारा पाहिला आणि जागा बदलायला लावली. दोन माद्या आणि एक पाडस आले, चरून गेले. काटेसावरीला पाने होती. म्हातारा आला नाही. वनरक्षकाला विचारावे असे वाटले, पण तो दिसला नाही आणि दिसला असता तरी विचारले असते की नाही कोण जाणे.

दादा तीन तास बसले. डब्यातली भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली. त्या वेळी आम्ही दोन फोटो काढले, दादांना आधी न सांगता. त्यांनी मान वर केली नाही. रस्त्यावर गाड्या, सायकली, गाणी लावून चाललेली पोरे, रविवारची सगळी जत्रा चालली होती.

"रविवारी कशाला येईल तो?" दादा उठता उठता म्हणाले. "सोमवारी बंद असतं, पाटीवर लिहिलंय. दिवसभर माणूस नसतं. मंगळवारी सकाळी बघायला पाहिजे."

आम्ही मंगळवारची किरकोळ रजा टाकली आहे. अर्जात कारण लिहावे लागते. 'वडिलांसोबत बाहेरगावी' असे लिहिले आहे.